खोटा ढेकर

माझ्या तोंडातून निघणारा ढेकर माझा नसतो, हे आधीच सांगून ठेवते. शहरातून आलेल्या सुना पहिल्यांदा मालिशीला आडव्या झाल्या की नाकं मुरडतात. म्हातारी केवढाले ढेकर देते, म्हणतात. अगं बाई, तुझ्याच पोटातला वारा आहे तो. गारठ्यात मोटारसायकलवर मागे बसून फिरलीस, उपाशीपोटी कॉफी ढोसलीस, पोटाला गुबारा धरला. तो वारा माझ्या बोटांतून वर चढतो आणि माझ्या तोंडातून बाहेर पडतो. नाक मुरडायचं तर स्वतःच्या पोटाकडे बघून मुरड.

सुंबिंग डोंगराच्या या उतारावर, तंबाखूच्या मळ्यांमधल्या चार-पाच गावांत मला सगळे म्बोक लेगियाह, म्हणजे लेगियाहबाई म्हणतात. चाळीस वर्षं झाली या कामाला. खोबरेल तेलात ठेचलेला लहान कांदा, पाठीवर ओढायला एक जुनं तांब्याचं नाणं आणि माझे दोन अंगठे, एवढंच माझं दुकान. नाण्याने पाठीवर लाल पट्टे उठवायचे, मग माणूस उताणं करायचं, बरगड्यांखाली अंगठे रोवायचे आणि वारा हळूहळू खाली-वर हाकायचा. तो हलला की मला ढेकर येतो. मी आणत नाही, येतो. खरा वारा असला तर नाकात झिणझिण्या येतात आणि डोळ्यांत टचकन पाणी उभं राहतं. मग मी खांद्यावरच्या फडक्याने डोळे पुसते, गूळ घातलेला आल्याचा काढा पिते आणि हात धुऊन ते पाणी अंगणाबाहेर फेकते. हात धुतले नाहीत तर दुसऱ्याचा वारा आपल्या अंगात मुक्कामाला राहतो. माझ्या मावशीने मला हे शिकवलं आणि मी ते एक दिवसही चुकवलं नाही.

आता तिनीचं सांगते. मुर्तिनी तिचं नाव, माझी धाकटी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मला म्बाक्यू म्हणायची, म्हणजे ताई. आमची आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आईचंही पोटच फुगलं होतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, त्यांनी पोट फाडलं, आत बघितलं आणि होतं तसं शिवून टाकलं. तिसऱ्या दिवशी आईला घरी आणलं ते आडवंच. तेव्हापासून तिनी दवाखान्याच्या रस्त्याने बाजारालासुद्धा जायची नाही, लांबचा रस्ता धरायची. तिला मीच वाढवलं, मीच तिचं लग्न लावलं. नवरा दारसो गरीब गाय आहे. तिनी म्हणेल ती पूर्व दिशा.

तिनी टेंपे विकायची. सोयाबीन आंबवून केळीच्या पानात बांधायचं आणि दर पाचव्या दिवशी, पोनच्या बाजाराला, टोपली घेऊन बसायचं. तिच्या जिभेला हाड नव्हतं. गिऱ्हाईक जास्त चिवडाचिवड करायला लागलं की विचारायची, टेंपे घेताय का जावई बघताय. बाजार उठला की रिकामी टोपली घेऊन माझ्याकडे यायची, पाय पसरून बसायची आणि आख्ख्या बाजाराच्या नकला करून दाखवायची. मी हसून हसून बेजार व्हायचे.

गेल्या वर्षी तंबाखूची कापणी झाल्यावर तिचं पोट फुगायला लागलं. दोन घास खाल्ले की पोट डब्ब. तिनीला वाटलं वारा आहे, मलाही वाटलं वारा आहे. पहाटे चारला थंडीत उठून ओलं सोयाबीन चिवडणारी बाई, तिच्या पोटात वारा नाही शिरणार तर काय सोनं शिरणार? मी मालिश केली आणि ढेकर आले. एकामागून एक आले, खरेखुरे, डोळे भरून. तिनी पडल्या पडल्या म्हणाली की तुझ्या ढेकरांनी शेजारणीच्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबतील. पुढच्या पोनला पुन्हा आली, पुन्हा ढेकर आले. तिसऱ्यांदा मात्र दोनच आले, तेही उगाच आल्यासारखे.

चौथ्या वेळेला आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मालिशीच्या खोलीची भिंत बांबूच्या चटईची आहे, बाहेर बाकड्यावर बसलेल्यांना आतलं सगळं ऐकू जातं. त्या दिवशी बाकड्यावर दोन बायका होत्या. त्यातली एक सरपंचाची बायको. ती महिनाभर खालच्या गावातल्या एका पोरीकडे मालिशीला जात होती. त्या पोरीने म्हणे सरकारी वर्ग केला होता, भिंतीवर सर्टिफिकेट टांगलं होतं, मालिश करताना फोनवर गाणी लावायची आणि ढेकर अजिबात द्यायची नाही. ढेकर न देता मालिश! मग वारा जातो कुठे, तिच्या त्या सर्टिफिकेटात? तर ती सरपंचाची बायको पुन्हा माझ्याकडे आली होती आणि कान टवकारून बसली होती, हे मला आतून कळत होतं.

मी तिनीची पाठ केली, उताणी केली, बरगड्यांखालून सुरुवात केली. ढेकर येईना. हात खाली आणला. बेंबीच्या डाव्या अंगाला, जरा खाली, बोटांना काहीतरी कडक लागलं. कच्च्या पेरूएवढं. ढकलून पाहिलं तर सरकेना. वारा बोटाखाली पळतो, गुडगुडतो, जागा बदलतो. हे तिथे ठाण मांडून बसलं होतं. माझा हात थांबला.

तिनी लहानपणापासून माझं काम बघत आली होती. हात थांबलेला तिला कळला. ती वर छपराकडे बघत हळूच बोलली, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

"म्बाक्यू, ढेकर का नाही आला?"

मी म्हटलं, येईल, गप पड जरा.

"हे बघ. मी काल रात्रीच ठरवलंय. आज तुझा ढेकर आला तर हा वाराच, मी टोपली उचलून घरी जाते. नाही आला तर उद्या सकाळी दारसोला सांगते, मला दवाखान्यात ने. तू तोंडाने काही सांगू नकोस. मला ते ऐकवणार नाही. ढेकर दे, नाहीतर देऊ नकोस."

मोठ्या बहिणीवर केवढं ओझं टाकावं माणसाने! माझे अंगठे त्या कडक गोळ्यावर होते आणि तिची छाती वर-खाली होत होती. मला आई आठवली. तिच्या पोटावरचे ते काळ्या दोऱ्याचे टाके आठवले. एंदाह, तिनीची एकुलती एक पोर, तिचं लग्न बेसार महिन्यात ठरलं होतं, ते आठवलं. आणि खरं सांगते, बाकड्यावरची सरपंचाची बायकोही आठवली. माझ्या मनाला मी सांगते की एंदाहच्या लग्नासाठी केलं. निम्मं खोटं आहे ते. मी घाबरले होते आणि मला माझी पतही सांभाळायची होती. चाळीस वर्षांत माझ्या हाताखालचं माणूस ढेकराशिवाय उठलं नव्हतं.

मी तोंड मिटून हवा गिळली आणि सोडली.

चांगला मोठा निघाला. बाहेर कुणीतरी म्हणालं, निघाला बाई एकदाचा. तिनीने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, सुटल्यासारखं वाटलं असेल पोरीला. मी आणखी दोन दिले, घसघशीत. मग ती उठून बसली, माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली, आणि माझ्या डोळ्याखालून बोट फिरवलं. तेल लागलंय गं तुझ्या गालाला, म्हणाली. मग नेहमीसारखी हसली, एवढा मोठा ढेकर तर दारसोला सासुरवाडीच्या जेवणानंतरही आला नव्हता, असं काहीतरी बोलली आणि टोपली कमरेवर घेऊन चालती झाली. दवाखान्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

मी त्या रात्री जेवले नाही. उद्या तिच्या घरी जाऊन सांगायचं, असं ठरवलं. उद्या गेले नाही. मग ठरवलं, पुढच्या पोनला सांगेन, आणि पुढच्या पोनला ती येऊन आडवी झाली आणि मी पुन्हा हवा गिळली. पहिलं खोटं बोलायला जड जातं, नंतरची आपोआप निघतात. वीस-बावीस पोन मी असं केलं. गोळा पेरूचा नारळ झाला, पोटात पाणी भरायला लागलं, हातपाय काड्यांसारखे झाले, आणि मी आपली बसले ढेकर देत. कधीकधी माझंच मला वाटायचं की असेल वारा, हट्टी वारा. माझ्यासारखी मूर्ख बाई या डोंगरावर दुसरी सापडायची नाही.

एंदाह लग्नाच्या आधी पंधरा दिवस कारखान्यातून रजा घेऊन आली. आईला बघून ती पोर दारातच थांबली. मग माझ्याकडे, तिच्या मावशीकडे, आली आणि तणतणली, बुदे, तू रोज बघतेस ना आईला, तुला दिसत नाही का. मी म्हटलं वारा आहे, म्हातारपणी लवकर निघत नाही. दवाखान्यात चल म्हणून एंदाहने आईच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनी म्हणाली, लग्न होऊ दे, मग तू म्हणशील तिथे येते.

लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्यात नवरीच्या आईने दावेत विकायचं असतं, गुळाचं पाणी आणि नारळाच्या दुधातलं ते गारेगार पेय. नवरीचा बाप छत्री धरून शेजारी उभा राहतो आणि पाहुणे पैशांऐवजी खापराचे तुकडे देऊन पेले घेतात. पोरीच्या लग्नाला अशीच गर्दी होऊ दे म्हणून. तिनीच्या गुलाबी केबायाला, त्या लांब पोलक्याला, पोट मावावं म्हणून दोन्ही बाजूंनी उसवून कापड जोडलं होतं. तिला उभं राहवत नव्हतं, दारसोच्या एका हातात छत्री आणि दुसऱ्या हाताने त्याने तिला मागून धरलेलं. पण तोंड चालूच. कुणी लहान तुकडा दिला तर म्हणायची, एवढ्या खापरात नुसतं पाणी मिळेल, गूळ पाहिजे तर घरचा माठ फोडून आण. सगळे हसत होते. मी पण रांगेत उभी राहिले, खापर दिलं, पेला घेतला. तिने पळी भरताना माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, म्बाक्यू, तुला दोन पळ्या, तू माझ्यासाठी फार केलंस. तो पेला मी न पिताच शेजारणीच्या हातात दिला.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी तिनी न्हाणीघरात कोसळली. एंदाहने आणि जावयाने गाडी करून तिला दवाखान्यात नेलं. मी मागच्या गाडीने पोहोचले तेव्हा तिच्या पोटात नळी घालून पाणी काढत होते. पिवळट पाणी, बादलीभर.

डॉक्टरीणबाई वयाने एंदाहएवढ्या होत्या. त्यांनी मला बाहेर व्हरांड्यात बसवलं, माझे हात हातात घेतले आणि सांगितलं की बीजकोशाची गाठ आहे, आता सगळ्या पोटात पसरली आहे, काही करता येणार नाही, दुखणं तेवढं कमी करू. मला रडू आलं नाही. मी म्हटलं, बाई, ती गाठ कच्च्या पेरूएवढी होती, डाव्या अंगाला, सरकत नव्हती, तेव्हा बहिणीला आणलं असतं तर? त्यांनी विचारलं, कधीची गोष्ट. मी सांगितलं, चार महिने झाले.

"त्या वेळी आणलं असतं तर काढता आली असती, म्बोक," त्या म्हणाल्या. "बऱ्याच बायका जगतात. पण ती अशी गाठ आहे हे तुम्हाला कसं कळणार होतं?"

मला कळलं होतं. ह्या दहा बोटांना कळलं होतं. मी त्यांना ते सांगितलं नाही, नुसती मान हलवली आणि आत गेले.

दुपारची वेळ होती. दारसो बाहेर नमाजाला गेला होता, एंदाह औषधं आणायला. तिनीचं पोट पाणी काढल्यामुळे सैल पडलं होतं आणि गोळा वरून डोळ्यांना दिसत होता. तिने मला तेल लावायला सांगितलं. परिचारिकेने दाबू नका म्हणून बजावलं होतं, तेव्हा मी नुसता हात फिरवत राहिले. सवयीने माझं तोंड मिटलं, हवा गिळायला. तिनीने माझं मनगट धरलं.

"आता नको देऊस," ती म्हणाली. "तुला खोटा जमत नाही."

मी विचारलं, तुला कधी कळलं?

"पहिल्याच दिवशी. डोळे कोरडे ठणठणीत होते तुझे. मी बोट लावून बघितलं की."

"मग गेली का नाहीस गं? तू तर म्हणाली होतीस, उद्या जाते."

तिला बोलायला दम लागत होता. थांबून थांबून बोलली, पण रागाने नाही, समजूत घातल्यासारखी. म्हणाली, तुझ्या हाताला कळत नाही असं होतं का कधी? तुला कळलं, आणि कळूनही तू मला दवाखान्यात जा म्हणाली नाहीस. तू मला वाढवलंस, म्बाक्यू. वाचण्यासारखं असतं तर तू मला खांद्यावर टाकून आणलं असतंस. तेव्हाच मी ओळखलं, माझंही आईसारखंच आहे. फाडून पुन्हा शिवायचं. त्यापेक्षा घरी राहते, टेंपे विकते, एंदाहचं लग्न बघते. तू माझ्यासाठी खोटा ढेकर देतेस तर मी तुझ्यासाठी तो खरा मानून घेते, त्यात काय एवढं.

म्हणजे मी भिऊन खोटं बोलले आणि तिने ते माझं शहाणपण समजलं. वीस-बावीस पोन ती मरणाची तयारी करत माझ्यासमोर आडवी होत होती, विनोद करत होती, आणि मी समजत होते की मी तिला फसवतेय. मला वाटलं, जमीन फाटावी आणि ह्या पलंगासकट मला आत घ्यावं.

तिनीने डोळे मिटले. झोपली असं वाटलं, पण नव्हती झोपली.

"बाहेर डॉक्टरीणबाईंना विचारलंस ना? लवकर आले असते तर काय झालं असतं?"

चाळीस वर्षं मी लोकांचा वारा पोटातून काढला. माझ्या पोटातलं हे एवढं मला काढता येईना. खरं सांगितलं असतं तर मी मोकळी झाले असते आणि ती उरलेले दिवस काय करत बसली असती? गेलेला प्रत्येक पोन आठवत बसली असती.

"विचारलं," मी म्हटलं. "काही उपयोग नव्हता म्हणाल्या. पहिल्या दिवशी आणलं असतं तरी नाही."

बोलता बोलता माझे डोळे भरले. मी फडकं उचलणार तेवढ्यात तिने हात वर केला आणि माझ्या डोळ्याखालून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. ते तिने उजेडात धरून बघितलं.

"पाणी आलं," ती म्हणाली. "म्हणजे खरं. बरं केलं आपण, म्बाक्यू, घरीच राहिलो ते."

मग ती खरंच झोपली, तोंडावर समाधान घेऊन. मी तिचं पोट पुसलं, चादर गळ्यापर्यंत ओढली. कोपऱ्यात नळ होता, साबण होता. मी उठले आणि परत तिच्याजवळ बसले. हात धुतले नाहीत.